पाच ओळींचा आश्रय

हंगाम संपत आला की कपाशीच्या किडक्या बोंडात कधी कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात. नखाने त्या विलग केल्या की आतल्या पोकळीत गुलाबी पट्ट्यांची, सेंटीमीटरभर लांबीची अळी अंग आखडून पडलेली दिसते. ती मेलेली नसते. पुढच्या खरिपाची वाट पाहत ती महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. हीच ती गुलाबी बोंडअळी. तिचा पतंग करडा-तपकिरी, साळीच्या दाण्याएवढा, रात्री उडणारा आणि दिवसा मातीच्या भेगांत नाहीतर पाचोळ्यात दडणारा. मादीच्या गंधाने नराला ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकला तरच तो नजरेस पडतो. दुसरीकडे सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या सदाहरित रानांत, दोडामार्गाच्या पट्ट्यापासून गोव्यातल्या म्हादई-नेत्रावळीतून थेट केरळपर्यंत, मलबार ट्री निम्फ नावाचं फुलपाखरू उडतं. पंख पसरले की ते बारा ते पंधरा सेंटीमीटर भरतं. पंख पांढरे, झिरझिरीत मलमलीसारखे, त्यांवर काळे ठिपके. उंच झाडांच्या शेंड्याशी जाऊन ते पंख न हलवता तरंगत खाली येतं, तेव्हा झाडावरून एखादा कागद सुटावा तसं दिसतं. मल्याळममध्ये त्याला वनदेवता म्हणतात. पश्चिम घाटाबाहेर ते जगात कुठेही नाही, आणि आययूसीएन या जागतिक संघटनेने त्याची नोंद धोक्याच्या उंबरठ्यावरच्या प्रजातींत केलेली आहे.

या दोघांची तुलना कशाला, असं कुणालाही वाटेल. एकाने कापूस उत्पादकाच्या तोंडचा घास काढला, दुसऱ्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. तरी हे दोघे एकाच गणातले. पंखांवर खवले असणारे, अंडं, अळी, कोश आणि पंखवाला प्रौढ अशा चार अवस्थांतून जाणारे. दोघांचंही पोट मोजक्या वनस्पतींवर भरतं. गुलाबी बोंडअळी भेंडीसारख्या कपाशीच्या भाऊबंदांवर जगू शकते, पण तिचं खरं घर कपाशीचं बोंड. ट्री निम्फच्या अळीला लागतात करवंद आणि कण्हेरीच्या कुळातल्या, तोडलं की पांढरा चीक येणाऱ्या दोन-तीन जातींच्या रानवेली. गेल्या पंचवीसेक वर्षांत या दोघांच्याही बाबतीत आपलं धोरण फसलं आहे. जिला आवरायचं होतं ती अळी आपल्या सर्वांत आधुनिक हत्यारालाही पुरून उरली, आणि ज्याला जपायचं होतं त्या फुलपाखराचं रान आक्रसत चाललं. माझं म्हणणं असं की या दोन्ही अपयशांचं मूळ एकच आहे. जमिनीचा एखादा तुकडा मुद्दाम राखून ठेवायचा असतो, हे आपल्याला मनापासून पटत नाही. शेतात पतंगासाठी जी जागा सोडायला हवी होती ती आपण सोडली नाही, आणि रानात फुलपाखराची जी होती ती आपण काढून घेतली.

पतंगासाठी जागा सोडायची, हे वाचून कापूस पिकवणाऱ्याला राग येईल. म्हणून आधी त्याचा हिशेब मांडायला हवा. भारतात मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातल्यामुळे झाड स्वतःच अळीला मारक असं प्रथिन तयार करू लागलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली, बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परवानगीबरोबर एक अट होती. बीटीच्या शेताभोवती साध्या, म्हणजे नॉन-बीटी कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त भरेल तेवढी लागवड करायची. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची ती यासाठीच. या ओळींना शेतकरी आणि कृषी सहायक रेफ्युजी म्हणतात. मराठीत त्याला आश्रय हाच शब्द चपखल बसतो.

या आश्रयामागचा विचार साधा आणि पक्का होता. हजारो-लाखो अळ्यांत एखाद-दुसरी अशी असते की तिच्यावर बीटीच्या प्रथिनाचा परिणाम होत नाही. बीटीच्या शेतात बाकीच्या मरतात, ती तेवढी जगते. तिचा पतंग झाला की त्याला जोडीदार कोण मिळतो, यावर पुढचं सगळं अवलंबून. शेजारच्या साध्या ओळींत वाढलेले भरपूर पतंग आसपास उडत असतील तर त्याची जोडी बहुधा त्यांच्यापैकीच एकाशी जमते. हा प्रतिकाराचा गुण आई आणि बाप या दोघांकडून आला तरच पुरता उतरतो, त्यामुळे अशा जोडीची पिल्लं बीटीची बोंडं खाऊन मरतात. साध्या ओळी नसतील तर मात्र वाचलेल्याला वाचलेलाच भेटतो, आणि त्यांची सगळी संतती बीटी पचवणारी निघते. म्हणजे त्या पाच ओळींतली अळी ही बीटीची शत्रू नव्हती. बीटीची धार टिकवणारी तीच होती.

ती पुडी बहुतेक ठिकाणी पेरलीच गेली नाही. याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू धन्याला पाचवा हिस्सा किडीसाठी ठेव म्हणायचं, तो का ठेवायचा हे समजावून सांगायचं नाही, त्या ओळींतलं नुकसान कुणी भरून द्यायचं नाही, आणि पुडीतलं बी मुख्य वाणाच्या जोडीने वाढणारं आहे की नाही हेही धड पाहायचं नाही, असा तो कारभार होता. काही पाकिटांत आश्रयासाठी तुरीचं बी दिलं गेलं. तूर कपाशीवरच्या दुसऱ्या, अमेरिकन बोंडअळीला चालते, गुलाबी अळी तिला तोंड लावत नाही. त्यात आपल्याकडचं बीटी जवळपास सगळं संकरित. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या एकसारख्या नसतात, काहींत मारक प्रथिन असतं तर काहींत नसतं. सरकीवरच जगणाऱ्या अळीला बोंडातल्या बोंडात अर्धवट विषाची सवय होत गेली. वर फरदड. पाण्याची सोय असली की वेचणी संपल्यावरही कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवायची, म्हणजे अळीला उपासाचे दिवसच राहू द्यायचे नाहीत.

मग व्हायचं ते झालं. २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी असल्याचं जाहीर झालं. २०१४-१५ च्या सुमाराला दोन्ही जनुकं पचवणारी अळी सापडू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं आतून पोखरली गेली. बाहेरून हिरवंगार, टणक दिसणारं बोंड फोडलं की आत डागाळलेला, कवडी झालेला कापूस. अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जातं, म्हणून फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तरीही अशा वेळी हाताशी उरतो तो फवाराच. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथे एकच कीड नव्हती आणि कारणंही एकाहून जास्त होती. पण पिकाचं संरक्षण पुन्हा पाठीवरच्या पंपावर येऊन पडतं तेव्हा काय किंमत मोजावी लागते, हे त्या वर्षी महाराष्ट्राने पाहिलं.

हे टाळता आलं असतं का? आलं असतं, आणि याचा पुरावा दुसऱ्या देशांत आहे. हीच अळी अमेरिकेत १९१७ मध्ये टेक्सासात आढळली होती. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बीटी कापूस घेतला तेव्हा आश्रयाची अट बऱ्यापैकी पाळली, आणि जवळपास दहा वर्षं तिथे प्रतिकार दुर्मीळच राहिला. नंतर २००६ पासून प्रयोगशाळेत वाढवलेले अब्जावधी वंध्य पतंग विमानांतून सोडले गेले. कामगंधाने नरांची दिशाभूल केली गेली आणि हंगामानंतर पऱ्हाट्या नांगरून गाडल्या गेल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तिथला कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. चीनमधली हकीकत आपल्याला अधिक जवळची आहे, कारण तिथला शेतकरीही लहान धारणेचा. यांगत्झी खोऱ्यात संकरित बीटीचं दुसऱ्या पिढीचं बी पेरण्याची पद्धत रूढ झाली. त्या बियाण्यात सुमारे पाव झाडं आपोआप साधी निघतात. कुणी वेगळ्या ओळी सोडल्या नाहीत, पण शेतातच आश्रय तयार झाला, आणि वाढू लागलेला प्रतिकार पुन्हा खाली आला. हत्यार तेच, अळी तीच, फरक फक्त सोडलेल्या जागेचा.

आता रानाकडे वळू. ट्री निम्फची मादी एकेक अंडं घालते, आणि ते घालायला तिला ती नेमकी वेल लागते. अशी वेल मोठ्या झाडाच्या आधाराने, सावली-ओलाव्यात, वर्षानुवर्षं चढत राहते तेव्हा कुठे शेंड्याशी पोहोचते. रानात माणूस शिरला की पहिला कोयता पडतो तो वेलीवरच. वनीकरणाच्या जुन्या शिस्तीत तर वेली तोडणं हे रानाच्या निगराणीचं कामच मानलेलं आहे, कारण वेल इमारती लाकडाच्या सोटाला वाकवते. झाड तोडलं तर कुठेतरी नोंद होते, दंड होतो. वेल तोडली तर त्याची कुठे वार्ताही नसते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सगळं रानच साफ करून एका जातीची लागवड. दोडामार्ग-सावंतवाडीकडे गेल्या काही दशकांत सदाहरित रानाच्या जागी रबर, अननस आणि काजू उभे राहिले. उपग्रहाच्या चित्रात रबराचा मळा हिरवाच दिसतो. ट्री निम्फच्या मादीला तिथे अंडं घालायला एक पान मिळत नाही. या फुलपाखराने कपाशीच्या पतंगाइतकाच हट्ट धरलेला आहे, ठरावीक वनस्पतीचा. एकाचं ताट आपण महाराष्ट्रात जवळपास ४० लाख हेक्टरांवर मांडलं, दुसऱ्याचं उचलून नेलं.

इथे संख्येचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या तुलनेतली सर्वांत गंभीर बाब हीच आहे. कुठल्याही जिवाला नव्या संकटावर उपाय सापडतो तो त्याच्या जमातीत आधीच कुठेतरी पडून असलेल्या वेगळेपणातून. अळ्यांची संख्या अफाट असेल तर लाखात एक असा वेगळेपणा दर हंगामात कुठल्या ना कुठल्या शेतात हजर असतोच. गुलाबी अळीने बीटीवर मात केली ती हुशारीने नव्हे, संख्येच्या बळावर, आणि ती संख्या तिला आपण सलग एका पिकाने पुरवली. ट्री निम्फचं नेमकं उलट. रानाचे तुकडे पडले की फुलपाखरांच्या वस्त्याही तुटतात, आणि तुटलेल्या छोट्या वस्तीत आपसांतच वीण होत राहते. फिनलंडच्या ओलांड बेटांवर इल्क्का हन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या फुलपाखराच्या शेकडो लहान वस्त्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात दिसलं की जिथे आपसांतली वीण जास्त होती त्या वस्त्या अधिक प्रमाणात नष्ट झाल्या. अंडी कमी उबली, अळ्या कमी जगल्या. ते फुलपाखरू कुरणातलं, आपलं घनदाट रानातलं. पण तुटलेल्या छोट्या वस्तीचं गणित दोन्हीकडे सारखंच कठोर असतं. एका महिन्याचा पाऊस चुकला, दोन उन्हाळे जास्त तापले, तर अशा वस्तीकडे उत्तर शोधायला पुरेशी माणसंच नसतात, असं म्हणा ना.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. पतंगाला जागा, फुलपाखराला जागा, मग आमच्या पोटाला काय? शिवाय गुलाबी अळी काही बीटीने जन्माला घातलेली नाही. भरूचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून तिचं शास्त्रीय वर्णन १८४३ मध्येच झालेलं आहे. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. म्हणूनच आश्रयाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारणं चूक होतं. प्रतिकार न वाढणं हे सगळ्या तालुक्याच्या, सगळ्या राज्याच्या भल्याचं आहे. पाटाचं पाणी जसं एकट्याच्या मेहनतीने येत नाही, तसंच हे. अलीकडे वेगळ्या पुडीऐवजी साधं बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली, ती चांगलीच आहे. गुलाबी अळी सहसा एकाच बोंडात वाढते, झाडाझाडांवर फिरत नाही, म्हणून मिसळलेलं बी तिच्या बाबतीत उपयोगी पडू शकतं. पण दोन्ही जनुकांना अळी सरावल्यावर आलेला हा शहाणपणा आहे. आता खरा भर द्यायला हवा तो अळीच्या उपासावर. कमी दिवसांची वाणं, डिसेंबरअखेर कपाशी मोकळी करणं, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर न साठवणं, जिनिंगच्या आवारातल्या सरकीजवळ कामगंध सापळे लावणं. हे सगळं नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठं कित्येक वर्षं सांगत आली आहेत. एकट्याने केलं तर त्याचा उपयोग होत नाही, शिवारभर करावं लागतं. आणि शिवारभर करायचं तर फरदडीचं उत्पन्न सोडणाऱ्याला सरकारने काहीतरी दिलं पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की एक फुलपाखरू गेलं तर कुणाचं काय अडणार? त्याच्या परागीभवनाचे, औषधाचे, पर्यटनाचे फायदे मोजून दाखवण्याची पद्धत आहे. ती मला लंगडी वाटते, कारण उद्या फायदा शून्य भरला तर मग मारायची मुभा मिळाली असा तिचा अर्थ होतो. पश्चिम घाटाखेरीज ज्याला जगात दुसरं घर नाही, त्याचं घर मोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. एवढं म्हणणं मला पुरेसं वाटतं. व्यवहाराचं बोलायचं तर ज्या रानात ती वेल शेंड्यापर्यंत पोहोचते, तेच रान तिळारी आणि म्हादईला बारमाही पाणी पुरवतं. फुलपाखरू दिसलं नाही तर त्या रानाची तब्येत बिघडल्याचं आधीच कळतं, धरणातली पातळी खाली जाण्याच्या कितीतरी आधी.

तिसरं म्हणणं तंत्रज्ञानावर विश्वास ठेवणाऱ्यांचं. नवं जनुक येईल, ही अळीही मरेल. येईल कदाचित, यायलाही हवं. पण पहिलं निकामी व्हायला सहा-आठ वर्षं लागली, दुसऱ्याचंही फार वेगळं घडलं नाही. आश्रयाशिवाय तिसरंही असंच खर्ची पडेल, आणि हाती उरेल ते अधिक महाग बियाणं. कोकणातही असाच एक युक्तिवाद चालतो, की मालकीच्या रानात काय लावायचं हे मालकाने ठरवावं. सिंधुदुर्गात मालकीची रानं मोठ्या प्रमाणावर आहेत, हे खरं. म्हणून तिथेही फर्मान काढून भागणार नाही. पाणंदीच्या, ओढ्याच्या काठचा वीस-तीस फुटांचा पट्टा वेलींसकट राखणाऱ्याला दरवर्षी मोबदला मिळाला, तर रबराच्या मळ्यांतूनही फुलपाखराला एका रानातून दुसऱ्या रानात जायला वाट राहील. आपल्याकडे याची जुनी, माणसांनी स्वतः पाळलेली उदाहरणं आहेत. कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवराया म्हणजे गावाने देवाच्या नावाने सोडलेला आश्रयच. तिथे वेलीला कोयता लावायचा नाही हे कुणाला कायद्याने सांगावं लागलं नाही. आज जीर्णोद्धाराच्या निमित्ताने त्याच देवरायांत सिमेंटचे मंडप चढतात, भोवतालची झाडं साफ होतात, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. २०२० मध्ये तिळारीच्या २९ चौरस किलोमीटरांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो स्वागतार्हच. पण त्या क्षेत्राच्या आणि गोव्यातल्या अभयारण्यांच्या मधली रानं तुटली तर ते एक बेट होऊन बसेल.

येत्या खरिपात कृषी खात्याने गावोगावच्या सभांत आश्रय म्हणजे काय आणि फरदड का नको, हे आकृती काढून समजावून सांगावं, आणि जे शिवार डिसेंबरअखेर एकजुटीने मोकळं होईल त्याला रोख मदत द्यावी. वन खात्याने रानातल्या निगराणीतून वेलतोड कायमची काढून टाकावी. देवस्थान समित्यांना कळकळीची विनंती एवढीच, की देवळाचं काम करायचं असेल तर जरूर करा, पण कंत्राटदाराला मागच्या रानात कोयता घेऊन पाठवू नका. तिथल्या एखाद्या झाडावर चढलेली वेल तुमच्या आजोबांच्या वेळची असेल, आणि तिच्या पानामागे एक अंडं असेल.